मावशींची पुआबाई

अमेरिकेत राहून एका राणीच्या पदरी चाकरी करणारी बाई मला एकच माहीत आहे, आणि ती माझ्या बायकोची मावशी आहे. राणीला जाऊन साडेचार हजार वर्षं झाली, तिचं ऊर नावाचं शहर इराकच्या वाळूखाली गेलं आणि मावशींना या चाकरीवर कोणी नेमलं याचा कुठेही कागद नाही. पण हे तपशील मावशींच्या लेखी किरकोळ आहेत. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत आमच्या घरापासून सात मिनिटांवर मावशी राहत आणि तिथून पावणेदोन तासांवर, फिलाडेल्फियाच्या एका म्युझियममध्ये, राणीचा मुक्काम. मधलं अंतर कापण्याचं काम माझ्याकडे होतं. सत्तरी उलटल्यावर मावशींनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं आणि ती जबाबदारी जावयावर सोपवली. मी पुण्याचा, त्या नागपूरच्या. जावयाला अहोजाहो करत करत त्याच्याकडून हवं ते करून घ्यायची जी एक कला आहे, ती नागपूरकडच्या बायकांना उपजत येते असं माझं मत झालं आहे. "जावईबापू, शनिवारी तुम्ही काही करून नाही राहिले ना?" असं त्या गुरुवारी फोनवर विचारत. 'करतोय' असं उत्तर मी लग्नानंतरच्या अकरा वर्षांत एकदाच दिलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं बरं. तुमचं आटोपलं की निघू."

राणीचं नाव पुआबी. निदान म्युझियमच्या पाटीवर तरी तसं आहे. मावशी तिला पहिल्यापासून पुआबाई म्हणत. लग्नानंतर नवा नवा असताना मी एकदा त्यांना म्हणालो, "मावशी, पाटीवर 'बी' आहे. 'बाई' नाही." मावशींनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत लावला. मावशी निवृत्त होईपर्यंत एका हॉस्पिटलच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होत्या, त्यामुळे त्यांच्याशी पुराव्याशिवाय बोलू नये हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. "तिच्या शिक्क्यावर नावाबरोबर 'निन' असं लिहिलेलं आहे," त्या म्हणाल्या. "निन म्हणजे कोणी राणी म्हणतात, कोणी नुसतंच बाई म्हणतात. मोठ्या घरची बाई. आता सांगा, मी पुआबाई म्हणते त्यात काय चुकलं?" मग त्यांनाच माझी दया आली असावी. "तसंही तिच्या नावाचे पहिल्यापासून हालच आहेत. आधी कितीतरी वर्षं लोकांनी ते भलतंच वाचलं. शुबाद म्हणत होते बिचारीला. मी पण लॅबमध्ये तीस वर्षं भलत्याच नावाला 'येस' म्हणत होती." लॅबमधले लोक मावशींच्या नावाचा उच्चार किती प्रकारांनी करत, त्याची नक्कल त्या फार सुंदर करतात. ते नाव मी इथं देत नाही, कारण हे लिहितोय म्हटल्यावर त्यांनीच बजावलं आहे, "लिहायचं तर राणीवर लिहा. माझ्यावर लिहिण्यासारखं काय आहे?"

आमच्याकडे उन्हाळा आला की आईवडील येतात. म्हणजे सगळ्यांचेच येतात. मे महिन्यापासून पार्सिपनीतल्या संध्याकाळच्या फुटपाथवर पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेले काका आणि साडीवर स्वेटर घातलेल्या काकू दिसू लागतात. त्यांना दाखवायच्या गोष्टींची आमच्यात एक ठरलेली यादी आहे: लिबर्टीचा पुतळा, नायगारा, वॉशिंग्टन, आणि नवीन झालेलं एखादं देऊळ. मावशींना ही यादी मान्य नव्हती. कोणाचेही आईवडील विमानतळावरून घरी येऊन त्यांच्या बॅगा उघडतात न उघडतात, तोच मावशींचा फोन येई. "राणीकडे कधी नेताय त्यांना?" माझा एक मित्र एकदा म्हणाला, "मावशी, पहिले लिबर्टी करतो ना, यार. मग राणी." मावशी म्हणाल्या, "लिबर्टी उभी आहे तिथंच. ती कुठं जात नाही." त्यानं भाबडेपणानं विचारलं, "आणि राणी कुठं जाते?" "तिचं काही सांगता येत नाही. कधी कोणत्या देशात प्रदर्शनाला बोलावतील. आता आहे तोवर पाहून घ्या." हे त्या अशा सुरात म्हणाल्या की मित्राला वाटलं कोणीतरी आजारी आहे, आणि तो दुसऱ्याच दिवशी आईवडिलांना घेऊन फिलाडेल्फियाला गेला.

तिथं पोचल्यावर मावशींचं बोलणं सुरू होई. तसं पाहिलं तर राणी आता तिथं नाहीच. आहेत ते तिचे दागिने. सोन्याच्या पट्ट्या, त्यांच्यावर सोन्याच्या पानांच्या माळा, मागं सात बोटांच्या हातासारखा उभा राहणारा सोन्याच्या फुलांचा कंगवा, पेरूएवढी मोठी कानातली, आणि खांद्यापासून कमरेपर्यंत मण्यांचा झगा. मावशी हे सगळं असं दाखवत, की जणू त्या लग्नघरातल्या थोरल्या जाऊबाई आहेत आणि रुखवत मांडलेलं आहे. मग त्या मण्यांपाशी येत आणि आवाज एक पट्टी चढे. "हे लाल मणी पाहून राहिले का? अकीक आहे. आपल्याकडून गेलेला." काका-काकू पुढं वाकत. "गुजरातकडून. तिकडून बोटीनं समुद्रातून इराकपर्यंत. साडेचार हजार वर्षांपूर्वी राणीच्या अंगावर आपला माल होता." इथं बहुतेक काका छाती पुढं काढत. आमच्यातल्या कोणीतरी हळूच म्हणे, "मण्यांना तेव्हा व्हिसा मिळाला म्हणजे." मावशी म्हणत, "मणी परत नाही गेले, तेवढं लक्षात घ्या," आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं उभी असलेली आमची मंडळी काचेकडे थोडी निराळ्या नजरेनं पाहू लागत.

घरीही राणीचा अंमल चालेच. राणीच्या थडग्यात सोन्याचांदीच्या लांब नळ्या सापडल्या, त्या तोंडाला लावून ती आणि तिच्या मैत्रिणी मोठ्या भांड्यातून बिअर पीत असत. हे वाचल्यापासून मावशींकडे पाहुण्यांना मठ्ठा स्टीलच्या स्ट्रॉनं मिळू लागला. कोथिंबीर नळीत अडकून पाहुणे लाल होत, मावशी म्हणत, "सवयीनं येतं." राणीची उंची पाच फुटांना थोडी कमी होती हे कळलं तेव्हा त्यांनी मला बोलावून स्वतःची उंची टेपनं मोजून घेतली. ती चार फूट अकरा भरली. त्यानंतर मावशींनी उंच टाचेच्या चपला देऊन टाकल्या. माझी बायको मेधा म्हणते की मावशी आधी अशी नव्हती, चारचौघींसारखी होती, लॅब करायची, पोळ्या करायची, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गुलाबजाम करून न्यायची. राणी तिच्या आयुष्यात आली ती काकांच्या, म्हणजे मावशींच्या यजमानांच्या, आजारपणात.

काकांना मी पाहिलेलं नाही. फिलाडेल्फियाच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांच्यावर सात महिने उपचार चालले होते. मावशी लॅबमधून रजा घेऊन तिथंच जवळ एक खोली करून राहिल्या. रोज दुपारी काकांना झोप लागली की नर्स त्यांना सांगे, जरा बाहेर फिरून या. एका दुपारी थंडी फार होती म्हणून त्या समोर दिसलेल्या म्युझियमच्या दारातून आत शिरल्या आणि हिंडत हिंडत राणीपाशी येऊन बाकावर बसल्या. "मी काही पाहायला गेली नव्हती," त्यांनी मला एकदा गाडीत सांगितलं होतं. "ऊब होती आणि बसायला जागा होती. दहा दिवस तर मी पाटी पण नाही वाचली. अकराव्या दिवशी वाचली." त्या पाटीवरून त्यांना कळलं की राणीच्या शिक्क्यावर नाव आहे ते फक्त तिचं. त्या काळच्या मोठ्या बायकांच्या शिक्क्यांवर अमक्याची पत्नी असं असे, हिच्या नाही. नवरा कोण होता, होता की नव्हता, कोणाला सांगता येत नाही. मावशी म्हणाल्या, "मला वाटलं, बाप्पा, असं पण असू शकतं." सात महिन्यांनी काका गेले. पार्सिपनीला परतल्यावर तीन आठवड्यांत मावशी पुन्हा फिलाडेल्फियाला गेल्या, स्वतः गाडी चालवत, आणि त्याच बाकावर जाऊन बसल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा तरी, बर्फ असो की ऊन.

मंडळाच्या डिरेक्टरीत त्यांचं नाव तोवर 'मिस्टर अँड मिसेस' असं काकांच्या नावानं छापलं जाई. काका गेल्यावर सेक्रेटरीनं सहानुभूतीनं त्यातलं 'मिस्टर अँड' काढलं आणि 'मिसेस' ठेवून पुढं काकांचंच नाव ठेवलं. मावशींनी त्याला फोन केला. त्यांचं म्हणणं सोपं होतं, की गेलेल्या माणसाला तुम्ही गेट-टुगेदरच्या ईमेल कशाला पाठवून राहिले, मला पाठवा, माझ्या नावानं. सेक्रेटरी म्हणाला, "काकू, सॉफ्टवेअर तसंच आहे, फॅमिली नेम कंपल्सरी फील्ड आहे." मावशी म्हणाल्या, "ऊरमध्ये दगडाचे शिक्के होते, तिथं जमलं. तुमच्या सॉफ्टवेअरला काय झालं?" पुढच्या आवृत्तीत एकट्या मावशींचं नाव छापलं गेलं. ते फील्ड बदलायचं काम शेवटी माझ्याच माथी आलं होतं, हे सांगायला नको.

आता त्या फॅन्सी ड्रेसचं सांगतो, कारण सगळं तिथून बदललं. आमची ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती. मंडळाच्या गणेशोत्सवात मुलांसाठी 'इतिहासातल्या थोर स्त्रिया' असा विषय ठेवला होता. मावशींनी आम्हाला न विचारता ईराचं नाव दिलं आणि तीन महिने घराचा कारखाना केला. सोनेरी कागद, पितळी पत्रा, क्राफ्टच्या दुकानातली पानं, नागपूरहून मागवलेले लाल मणी. पान हुबेहूब यावं म्हणून त्या दोनदा फिलाडेल्फियाला जाऊन आल्या, म्हणजे मीही आलो. तो मुकुट तयार झाला तेव्हा तो ईरापेक्षा रुंद होता. शाळेच्या ज्या हॉलमध्ये कार्यक्रम होता त्याच्या दारातून तिला खेकड्यासारखं आडवं न्यावं लागलं. आत नऊ झुंजार राण्या होत्या, नऊजणींच्या हातात तलवारी आणि नऊजणींच्या कमरेला पुठ्ठ्याचे घोडे. त्यांच्या मागून ईरा आली तेव्हा मागच्या रांगांतले लोक उभे राहून पाहू लागले. मग पहिल्या रांगेतले एक काका कौतुकानं म्हणाले, "वा, ख्रिसमस ट्री पण आणलं का." परीक्षकबाईंनी गोड आवाजात विचारलं, "कोण गं तू बाळ? लक्ष्मी?" ईरानं पाठ केलेलं मराठीत म्हणून दाखवलं: "मी ऊरची पुआबाई. माझ्या शिक्क्यावर फक्त माझं नाव आहे." परीक्षकबाई म्हणाल्या, "अय्या, छान," आणि उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. मावशी परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाल्या, "उत्तेजन कोणाला, राणीला?" पण त्या खूश होत्या. मागच्या सीटवर मुकुट मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि एकेक पान सरळ करत होत्या.

तेवढ्यात ईरा म्हणाली, "मावशीआजी, माझ्या लायब्ररीच्या बुकमध्ये आहे, शी वॉज नॉट अलोन. तिच्या टूममध्ये, थडग्यामध्ये, मेड्स होत्या, सोल्जर्स होते. दे ऑल डाइड." मावशी म्हणाल्या, "हो." मावशींच्या माहितीत ही माणसं होतीच. पाहुण्यांना सांगताना त्या 'राणी, तिची गाडी, गाडीचे बैल आणि बाकीची मंडळी' असं म्हणत; लग्नपत्रिकेच्या शेवटी असतं ना, तसं. मग ईरानं विचारलं, "बट डिड दे वॉन्ट टू?" त्यांना मरायचं होतं का, एवढंच तिला हवं होतं. मी आरशातून मागं पाहिलं. मावशींचा हात पानावर थांबला होता. "मला माहीत नाही," असं म्हणून त्यांना सुटता आलं असतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या दारापाशी गाडी थांबवली तेव्हा मुकुट सीटवर तसाच ठेवून त्या उतरल्या, आणि मागं न वळता आत गेल्या.

त्यानंतरच्या गुरुवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग चुकल्यासारखं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. एका मित्राची आई पुण्याहून येऊन परत गेली, तिला मावशींनी राणीविषयी विचारलंसुद्धा नाही. तिनं नायगारा पाहिला. मेधा काळजीत पडली आणि मला म्हणाली, "तू जाऊन बघ ना, ती तुझ्याशी बोलते." मी गेलो. मावशींनी मठ्ठा दिला, साध्या ग्लासात. मी इकडचं तिकडचं बोललो. मग त्याच म्हणाल्या, "रिपोर्ट मी वाचला होता, जावईबापू." कसला रिपोर्ट ते मला कळलं नाही. "त्या माणसांच्या कवट्यांचे फोटो काढून तपासले लोकांनी. आधी म्हणत होते की सगळे आपल्या मनानं विष पिऊन निजले. तसं नाही निघालं. काहींच्या डोक्यात मारलेलं आहे. किती वर्षं झाली मला वाचून. वाचला आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. तीस वर्षं मी लॅबमध्ये होती, कोणाचा वाईट रिपोर्ट मी दाबून नाही ठेवला. हिचा ठेवला." मी म्हणालो, "मावशी, साडेचार हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती. आणि राणी तर आधीच गेलेली होती, तिनं थोडंच सांगितलं असेल." त्या म्हणाल्या, "तेच मी स्वतःला सांगत होती. पोरीनं विचारलं तेव्हा तोंडातून निघालं नाही."

त्याच सुमारास त्यांचा मुलगा सुहास क्युपर्टिनोहून रोज फोन करू लागला होता. त्याचा आग्रह जुनाच होता: आई, घर विकून टाक, इकडे ये, मागच्या अंगाला तुझ्यासाठी खोली बांधली आहे. मावशी याला नेहमी एकच कारण देत, की कॅलिफोर्नियात राणी नाही. सुहासनं हे कारण एकदा आपल्या ऑफिसातल्या मित्राला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं होतं, "राणी म्हणजे डॉग का?" आता ते कारणही उरलं नव्हतं. डिसेंबरात मावशी घसरून पडल्या, मोडलं काही नाही, पण सुहास विमानानं आला आणि घर दाखवायला एजंट बोलावून परत गेला. मावशींनी विरोध केला नाही, आणि त्याचीच आम्हाला भीती वाटली.

यातून त्यांना बाहेर काढलं ते ईरानंच, तेही नकळत. तिला शाळेत प्रोजेक्ट होता आणि तिनं विषय घेतला होता ऊरच्या थडग्यांतल्या त्या इतर माणसांचा. तिनं मावशींना फोन करून सरळ सांगितलं, "मावशीआजी, आय नीड टू गो. यू नो द वे." शनिवारी आम्ही तिघं निघालो. म्युझियममध्ये मावशी राणीपाशी न थांबता पुढं गेल्या आणि ईराला एका पेटीपाशी घेऊन गेल्या. त्यात राणीचं काही नव्हतं, शेजारच्या मोठ्या खड्ड्यात सापडलेल्या दासींचे दागिने होते. मावशी खुर्ची मागून घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "लिही. इथं एक पोरगी सापडली. सगळ्या पोरींच्या केसांत फिती होत्या. हिच्या केसांत नव्हती. हिची चांदीची फीत हिच्या कमरेपाशी सापडली, गुंडाळी केलेली. घडी पण मोडली नव्हती. म्हणजे बहुतेक हिला यायला उशीर झाला. बाकीच्या नटून उभ्या होत्या, आणि ही धावत आली. लावायला वेळ नाही मिळाला." ईराची पेन्सिल थांबली. तिनं विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम?" मावशी म्हणाल्या, "हिचा शिक्का नाही सापडला." मग त्याच म्हणाल्या, "तू विचारलं होतं ना, त्यांना जायचं होतं का. सगळ्यांचं मला नाही सांगता येत. हिला नव्हतं जायचं. ज्याला जायचं असतं तो लवकर तयार होतो. तुझी आजी मी, मला शाळेच्या बसला उशीर करणाऱ्या पोरी माहीत आहेत."

ईरा पोट धरून हसली, कारण बस तिची रोज चुकते. मावशीही हसल्या. मग उठल्या आणि राणीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी लांबून पाहत होतो. दोघींची उंची खरोखरच सारखी आहे. परतीच्या वाटेवर त्यांनी सुहासला गाडीतूनच फोन लावला आणि स्पीकरवर सांगितलं, "मी येईन. पण मागच्या खोलीत नाही. तुझं घर, तुझी गाडी, तुझं कुत्रं आणि मागच्या खोलीत आई, असं मला कोणाच्या घरात ठेवून द्यायचं नाही. मला माझं दार वेगळं पाहिजे. जवळ पाहा, पण वेगळं." सुहास म्हणाला, "आई, तुला कोणी काही म्हटलं का?" मावशी म्हणाल्या, "हो. ईरानं." आणि फोन ठेवला. सुहासनं मग मला फोन करून बराच वेळ विचारपूस केली. मी त्याला कसं समजावणार होतो?

जाण्याआधीच्या चार महिन्यांत त्यांनी पुन्हा पाहुणे नेले, पण आता त्यांचं सांगणं बदललं होतं. आधी त्या दासींच्या पेटीपाशी नेत, उशिरा आलेल्या मुलीचं सांगत, कवट्यांच्या रिपोर्टचंही सांगत, आणि मग राणीकडे. त्यामुळे काही काकूंचा हिरमोड होई. सोनं पाहायला आलो आणि हे काय, असा त्यांचा चेहरा होई. एक काका म्हणालेसुद्धा, "अहो, शुभ बोला की." मावशी त्यांना म्हणाल्या, "राणी फार सुंदर आहे. पण एकटी नव्हती." आणि अकिकाचे मणी मात्र त्या पूर्वीच्याच अभिमानानं दाखवत राहिल्या. प्रेम कमी झालेलं मला दिसलं नाही. घरातल्या माणसाचे दोष एकदा बोलून दाखवल्यावर जसं आपण त्याच्याशी मोकळेपणानं वागू लागतो, तसं काहीसं झालं होतं.

आता मावशी क्युपर्टिनोला असतात, सुहासच्या घरापासून दहा मिनिटांवर, वेगळ्या दाराच्या घरात. तिथल्या लायब्ररीत ज्येष्ठांच्या गटापुढं त्यांनी पुआबाईवर भाषण दिलं आणि आता तिथलेही लोक तिला पुआबाई म्हणतात असं ऐकतो.

जाण्याच्या आदल्या शनिवारी मी त्यांना शेवटचं फिलाडेल्फियाला नेलं. त्या दिवशी गर्दी नव्हती. मावशी राणीसमोरच्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "बसा." मी बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "हिचा आवाज कसा असेल हो?" मी म्हणालो, "कोण जाणे." त्या म्हणाल्या, "सगळं सापडलं हिचं. कंगवा सापडला, काजळाची डबी सापडली, नाव सापडलं. दात पण सापडले. आवाज नाही सापडला." मी मान हलवली. मग राणीवरची नजर न काढता, लॅबमधला एखादा आकडा सांगावा तशा सुरात त्या म्हणाल्या, "ह्यांचा आवाज मला आठवत नाही, जावईबापू. दोन वर्षं झाली. चेहरा आहे, चालणं आहे, खोकला पण आठवतो. आवाज गेला. मी कोणाला सांगितलं नाही."

काकांना मी पाहिलंही नव्हतं. आम्ही तसेच बसून राहिलो, मग मावशींनाच भूक लागली आणि आम्ही उठलो.

परतताना पाऊस लागला. पावणेदोन तासांच्या वाटेवर मी एरवी गाणी लावतो, त्या दिवशी लावली नाहीत. मावशी बोलत होत्या. सुहासच्या कुत्र्याविषयी, तिकडच्या भाज्यांविषयी, ईराला मराठी वाचायला लावा याविषयी, आणि मी उगाच डाव्या लेनमध्ये गाडी घालतो त्याविषयी. पार्सिपनी आलं तेव्हा वाटलं की रस्ता अजून थोडा लांब असता तर बरं झालं असतं, पण मावशींचं लक्ष रस्त्यावर होतं. "हळू घ्या," त्या म्हणाल्या. "उजवीकडे राहा, जावईबापू. आपली एक्झिट येऊन राहिली."